पंधरा ओढींचा दोर

मोखाड्याच्या बाजारात, भर गर्दीत उभा राहून मी पाणी शेंदत होतो. विहीर नव्हती, बादली नव्हती, पाणी तर नव्हतंच. होतं ते निळ्या नायलॉन दोराचं एक भलं मोठं वेटोळं, ते धरून कंटाळलेला दुकानदार आणि फुकटचा खेळ बघायला थांबलेली पाच-सात माणसं.

त्याचं झालं असं. सूर्यमाळच्या अंगाला आमचा पाडा. नोकरीमुळे आम्ही जव्हारला भाड्याच्या घरात राहतो, पण मे महिन्याची सुट्टी लागली की सगळे पाड्यावर. थोरला भाऊ तेव्हा ठाण्याकडे बांधकामावर असतो, पावसाच्या तोंडावर परततो. घरात वहिनी, तिची नवी सून आणि शेजारच्या घरात काकी. आम्ही पोचलो त्याच दिवशी सकाळी विहिरीचा जुना दोर तुटला होता. मी बाजाराला निघालो तेव्हा वहिनीनं मागून आवाज दिला, "भाऊजी, पंधरा ओढींचा आणा. कमी नको."

ओढ म्हणजे काय ते सांगतो. हात लांब करून दोर धरायचा, छातीपर्यंत खेचायचा, मग दुसऱ्या हातानं पुढचा धरायचा. एका खेचण्यात जेवढा दोर वर आला, ती एक ओढ. आमच्या पाड्यावर विहिरीची खोली ओढींतच सांगतात. दिवाळीला पाणी वाकून बघितलं तरी दिसतं, होळीला नऊ-दहा ओढींवर जातं, आणि मे महिन्यात बायका सकाळी एकमेकींना चहाच्या आधी हेच विचारतात, "आज किती ओढींवर?"

दुकानदार म्हणाला, "मास्तर, मीटरमध्ये सांगा ना."

आता मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर. तिसरी-चौथीच्या पोरांना सेंटिमीटर, मीटर, किलोमीटर शिकवून माझे केस पांढरे झालेत. पण ओढीचे मीटर किती, हे माझ्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं. तरीही अडेल तो मास्तर कसला! म्हटलं, "थांबा, दाखवतो." आणि वेटोळ्यातून दोर काढून विहिरीवर उभं राहिल्यासारखा खेचायला लागलो. एक, दोन, तीन...

"ह्यो कोण रं?" मागून कुणीतरी विचारलं.

"मास्तर हाय."

"मग चालू दे."

पंधरा मोजून झाल्या. दुकानदारानं दोर कापला, टोक काडीनं जाळून बंद केलं आणि वेटोळं माझ्या हातात दिलं. मी ते खांद्यावर टाकून असा काही चाललो की जणू विहीरच विकत घेतली.

उन्हं कलायला लागली होती तेव्हा विहिरीवर पोचलो. पाड्यातल्या बायका कळशा घेऊन वाटच बघत होत्या. नव्या दोराला बादली बांधली, सोडली. दोर संपला. बादलीचा आवाज काही आला नाही. मी वाकून पाहिलं. बादली हवेत गोल गोल फिरत होती आणि तिच्या खाली, चांगलं माणसाच्या उंचीइतकं खाली, शांत पाणी.

वहिनीही वाकली. "भाऊजी," ती म्हणाली, "बादली पाणी बघतेय. पीत नाय."

"पाणी खाली गेलं असेल," मी म्हटलं.

"सकाळपासून?"

मग जे हसणं उसळलं ते विहिरीत घुमून दुप्पट होऊन वर आलं. काकींनी तोंडावरचा पदर काढून माझ्या बायकोला विचारलं, "शाळंत पोरांना मोजायला ह्योच शिकवतो का गं?"

"हेच शिकवतात," बायको म्हणाली. अजिबात न हसता.

त्या सगळ्या गलक्यात एकाच माणसाला खरोखर हसू आलं नव्हतं. आमची मुलगी. ती विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर, गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. ती का हसली नव्हती ते सांगायलाच हवं, कारण ही गोष्ट दोराची वाटत असली तरी तिचीच आहे.

आमची मुलगी पाड्यातली पहिली सायन्सला गेलेली. दहावीला चांगले मार्क मिळाले, जव्हारला अकरावीला प्रवेश मिळाला, तेव्हा मी शाळेत पेढे वाटले, शेजारी वाटले, आणि एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही एक दिला. त्यानं विचारलं, "मुलगा झाला का?" म्हटलं, "नाही, मुलगी सायन्सला गेली." त्यानं दुसरा पेढा मागितला.

अकरावीचा निकाल लागला आणि ती फिजिक्समध्ये नापास. बाकी सगळे विषय निघाले, हा एक राहिला. जूनमध्ये फेरपरीक्षा होती. ती म्हणाली, "मी देणार नाही. परत अकरावी करते, पण आर्ट्सला. सगळ्या मैत्रिणी तिकडेच आहेत."

आर्ट्स वाईट असं माझं म्हणणं नाही, मी स्वतः आर्ट्सवालाच. फिजिक्स मी दहावीनंतर सोडलं. खरं म्हणजे त्यानंच मला सोडलं. पण ती आवडीनं जात नव्हती, पळून जात होती, आणि ते तिला आणि मला दोघांनाही माहीत होतं. मी तिचा पेपर मागून पाहिला होता. गणितं बहुतेक बरोबर होती! पण प्रत्येक उत्तराच्या शेवटी लाल गोल आणि त्यात प्रश्नचिन्ह. एकक नव्हतं. नुसता आकडा. बारा पॉइंट चार. बारा पॉइंट चार काय? आंबे? आणि काही ठिकाणी कॅल्क्युलेटरनं दिले तेवढे सगळे आकडे तिनं इमानदारीनं उतरवले होते, पानाच्या कडेपर्यंत, पान संपलं म्हणून थांबलेले.

"अगं, एवढंच? नुसतं मीटर लिहायचं राहिलंय," मी म्हटलं होतं.

"नुसतं नाही ते, बाबा," ती म्हणाली, आणि खोलीचं दार लागलं. त्यानंतर जव्हारपासून पाड्यापर्यंत ती माझ्याशी मोजकंच बोलत होती. हो, नाही, आणि भूक नाही.

तर विहिरीवर. तात्पुरतं म्हणून तुटक्या दोराचा तुकडा नव्याला गाठ मारून जोडला आणि पाणी भरणं चालू झालं. पण गाठ हाताला सोलत होती आणि काकींचा तिच्यावर विश्वास नव्हता. मागच्या वर्षी अशाच गाठीनं त्यांची बादली विहिरीला अर्पण केली होती. नवीन अखंड दोरच हवा, हे ठरलं. पण किती?

"चौदा ओढी धरा, वर एक," वहिनी म्हणाली.

"कायच्या चौदा?" काकी म्हणाल्या. काकी उंच, ताडमाड, आमच्या कुळात त्यांच्याएवढे हात कुणाचेच नाहीत. "मी बारात काढते."

"मला सोळा लागतात," नवी सून हळूच म्हणाली.

"तू रोजच सोळा म्हणतंस. मधी मधी थांबतंस, म्हणून."

"नाय थांबत, काकी!"

"मंग पाणी तुझ्यासाठी येगळं खाली जातं का?"

आता हसणं कमी आणि आवाज जास्त व्हायला लागला. पलीकडच्या घरातली बाई म्हणाली की तिला तेरा लागतात, पण ती डावखुरी. मी शिक्षकाच्या आवाजात म्हटलं, "सगळ्यांची सरासरी काढू." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हवेत लटकलेल्या बादलीची आठवण झाली असावी, सगळ्यांनी नजर फिरवली.

आणि दगडावरून आवाज आला, "पण कोणाची ओढ?"

त्या दिवसातलं तिचं हे पहिलं पूर्ण वाक्य.

"बारा म्हणजे बारा कशाच्या?" ती उठून आली होती. "काकी बारा म्हणतात, ही सोळा म्हणते, दोघी खरं बोलतायत. खोली एकच आहे. ओढ वेगळी आहे."

काकी म्हणाल्या, "तेच मी सांगत होते." त्या तसं काही सांगत नव्हत्या, पण असो.

मुलगी आईकडे वळली. "आई, तुझ्या पिशवीत टेप आहे?"

माझी बायको अंगणवाडी सेविका. तिच्या पिशवीत पाण्याची बाटली नसेल एक वेळ, पण पोरांची उंची मोजायचा टेप असतोच. अंगणवाडीत महिन्याला पोरांची वजनं होतात. काट्याच्या आकड्याला झोळी टांगून त्यात पोर बसवतात. त्या दिवशी तिच्या तोंडी एकच वाक्य असतं, मदतनीस बाईला सतत उद्देशून: "आधी शून्य बघ, मग पोर टांग." मुलगी लहानपणी त्या झोळीत बसूनच हे वाक्य शिकली, बोलायला लागायच्याही आधी.

टेप जुना होता. टोकाकडचा थोडा भाग झिजून गेला होता, आकडे दिसत नव्हते. मी म्हटलं, "अरेरे, हा गेला." मुलीनं टेप डोळ्यांशी धरला आणि म्हणाली, "दहापासून सुरू करू, मग दहा वजा करू." आणि थांबली. मग आईकडे बघून म्हणाली, "झीरो एरर."

"काय?" आई म्हणाली.

"तू म्हणतेस ना, आधी शून्य बघ. पुस्तकात त्याला हे नाव आहे. बारीक मापं घ्यायच्या त्या व्हर्नियरच्या धड्यात. मी पाठ केलं होतं." तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंद म्हणता येणार नाही. गर्दीत ओळखीचा माणूस दिसावा आणि तो आपल्याच पाड्याचा निघावा, तसं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी भरणं सुरू व्हायच्या आधी, ती विहिरीवर हजर. जोडलेल्या दोराला दगड बांधला. दगड पाण्याला टेकला की चुबुक वाजतं, दोर थांबवायचा. तिथे काठाशी चिमटीत धरायचा, वहिनीच्या साडीच्या लाल चिंधीनं खूण करायची, वर काढून, अंगणात ताणून टेपानं मोजायचा. टेप दीड मीटरचा, म्हणजे परत परत लावायचा. मी मदतीला होतो. माझं काम टेपाचं टोक दाबून धरायचं. "हलवू नका, बाबा." "नाही हलवत." "हललात." "श्वास घेतला गं." "मोजून झाल्यावर घ्या."

आकडा आला दहा मीटर पस्तीस सेंटिमीटर. मी टाळी वाजवली.

तिनं परत दगड सोडला. दहा मीटर बेचाळीस. तिसऱ्यांदा दहा अडतीस.

ती एकदम खाली बसली. चेहरा पेपर हातात पडल्यावर होता तसा. "बघा," ती म्हणाली, "मला जमतच नाही. तीनदा मोजलं आणि तीन आकडे."

मी सरासरीबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण बायकोनं कोपरानं ढोसलं. मग मुलगीच बोलायला लागली, टेपाकडे बघत. कॉलेजात लोलकाचा प्रयोग होता. धाग्याला गोळी बांधून वीस झोक्यांचा वेळ मोजायचा, तीन वेळा. तिला तिन्ही वेळा वेगळा आकडा आला. शेजारच्या मुलींचे सुबक, एकसारखे. तिला वाटलं आपल्याच हाताला काहीतरी झालंय. तिनंही तिन्ही आकडे सारखे लिहिले. सरांनी लाल रेघ मारून विचारलं, "तिन्ही सारखे कसे?" बाकीच्यांना विचारलं नाही, फक्त तिलाच विचारलं. तेव्हापासून फिजिक्सच्या तासाला हात थंड पडतात म्हणाली. एककं लिहायची सुटली, कारण लिहिताना सगळं लक्ष आपण चुकतोय का याकडेच.

कोंबडी दोरावरून चालत गेली.

बायको म्हणाली, "मी पोराची उंची मोजते ना, एकदा मोजली तर धरत नाही. हलतं, टाच उचलतं, रडतं. परत मोजते. दोन्ही वेळा मिलिमीटरला मिलिमीटर सारखी आली, तर मलाच शंका येते की दुसऱ्यांदा मी नीट बघितलंच नाही."

"मग लिहितेस काय?"

"जवळजवळच्या दोन आल्या की त्यांच्या मधलं. आणि एकदम लांबची आली तर परत पहिल्यापासून."

मुलगी खूप वेळ टेप गुंडाळत बसली. मग गोठ्याच्या भिंतीशी गेली आणि चुलीतला कोळसा घेऊन तीन आकडे एकाखाली एक लिहिले. प्रत्येकापुढे मी., ठळक. बेरीज, भागिले तीन. मी फोनवर हिशेब करून मोठ्यानं वाचलं, "दहा पॉइंट तीन आठ तीन तीन तीन तीन..."

"पुरे!" ती म्हणाली. "टेपावर मिलिमीटरच्या खाली रेघच नाही. आणि आपले आकडे सात सेंटिमीटर इकडेतिकडे होतायत. मग तुमचे ते शेवटचे तीन कुठून आले?"

"फोनमधून."

"फोन विहिरीत उतरला होता का?"

पहिल्यांदा मला वाटलं की पोरीचा आवाज परत आलाय. तिनं दहा पॉइंट तीन आठ लिहिलं, पुढे मीटर, आणि त्याच्याही पुढे, थोडं अलीकडे की थोडं पलीकडे, ते अधिक-उणे लावून. मला त्या चिन्हाचं फार अप्रूप वाटलं. आमच्या चौथीच्या पुस्तकात उत्तर एकच असतं; चुकलं की चुकलं. इथे किती चुकू शकतो तेही उत्तरातच लिहायचं, आणि वर त्याचे मार्क मिळतात! मी तिला म्हटलंही, "हे मला आधी माहीत असतं तर मी फिजिक्सच घेतलं असतं." ती म्हणाली, "बाबा, तुमचं उणे फार मोठं झालं असतं."

पुढचे काही दिवस आमच्या पाड्यावर दुसरा विषय नव्हता. तिनं एकेकीला विहिरीवर उभं केलं आणि भरलेली बादली ओढायला लावून प्रत्येकीची ओढ मोजली. काकींची नव्वद सेंटिमीटरच्या आसपास. वहिनीची पंचाहत्तर. नवी सून पासष्ट. "सोळाच येतात बघा!" सून कोळशाच्या आकड्यांकडे बोट दाखवून म्हणाली. त्या दिवसापासून ती विहिरीवर मधे थांबते असं काकी कधी म्हणाल्या नाहीत. उलट पलीकडच्या बाईला सांगताना ऐकलं मी, "तिचा हातच लहान हाय, ती काय करील? मोजलंय आमी."

मग माझी पाळी.

"भरलेली नको," मुलगी म्हणाली. "बाजारात ओढलात तसं ओढा. रिकामं."

मी नाटक परत केलं. बादली नसली की माणूस वाकत नाही. वाकलं नाही की हात लांब जात नाही. गेला तरी छातीपर्यंत खेचताना वाटेत माझं पोट येतं. शिवाय चार लोक बघत असले की माझ्या अंगात एक सभ्यपणा शिरतो. सत्तावन्न सेंटिमीटर. भिंतीवर सगळ्यांच्या खाली, सगळ्यांत आखूड ओढ: बाबा. मी विनंती केली की निदान नाव तरी पुसावं. वहिनी म्हणाली, "राहू द्या, सारवताना जाईल." अजून त्या भिंतीचा तेवढाच भाग सारवायचा राहिलाय.

पण दोर किती आणायचा ते एवढ्यानं ठरत नव्हतं, कारण पाणी रोज खाली जात होतं. रोज सकाळी ती खोली मोजायची, तीन वेळा, आणि भिंतीवर एक टिंब द्यायची. आडवे दिवस, खाली खोली. टिंबं काही सरळ रेषेत बसली नाहीत, दोन वर गेली, एक खाली. ती आता घाबरली नाही. सगळ्या टिंबांच्या मधून जाईल अशी रेघ मारली, काठीच्या आधारानं, आणि ती रेघ पुढे वाढवत भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत नेली.

काकी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "ही रेघ कुठं चालली, बाय?"

"पावसापर्यंत, काकी."

"पाऊस कवा येणार ते पण हाय का यात?"

"ते नाही. पण तोवर पाणी कुठे असेल ते आहे. साधारण."

"साधारण म्हंजे?"

"म्हणजे हातभर इकडेतिकडे. त्याहून जास्त नाही."

काकींनी त्या रेघेवरून बोट फिरवलं, कोळसा बोटाला लागला तो पदराला पुसला. "मंग हातभर जादाच घ्या," त्या म्हणाल्या. मुलगी म्हणाली, "तेच करायचं असतं." अकरा मीटर वीस इतकं पाणी खाली जाईल, बादली बुडायला, गाठीला, हातात धरायला सव्वादोन मीटर, काकींचं हातभर. चौदा मीटर आणायचे. मी म्हटलं, "पंधराच आणतो, सुरक्षित." ती म्हणाली, "चौदा. कशासाठी पंधरा ते सांगा, मग पंधरा." मी चौदा लिहून घेतले.

पुढच्या बाजाराला आम्ही दोघं गेलो. दुकानदारानं मला पाहिलं आणि शेजारच्याला हाक मारली, "अरे ये, मास्तर आले पाणी काढायला!" मग मला, "या वेळी कुठल्या विहिरीवर?"

"चौदा मीटर द्या," मुलगी म्हणाली.

त्यानं दुकानातल्या लाकडी पट्टीला धरून दोर मोजायला सुरुवात केली. तिनं पट्टी आधी उचलून दोन्ही टोकं बघितली. तो म्हणाला, "काय बघते, ताई?" "शून्य," ती म्हणाली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. पण छाती किती फुगली होती ते माझ्या सदऱ्याच्या बटणांना विचारा.

परतीच्या जीपमध्ये, दोराचं वेटोळं मांडीवर घेऊन, खिडकीतून बघत ती म्हणाली, "फेरपरीक्षेला लोलक येऊ शकतो."

इतकी वर्षं मास्तरकी करून एक गोष्ट शिकलोय, पोर स्वतःहून फळ्यापाशी येत असेल तेव्हा खडू पुढे करू नये. घाटातली वळणं मोजत बसलो.

दोर पुरला. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाणी तिच्या रेघेपेक्षाही थोडं खाली गेलं होतं, पण काकींच्या हातभरात बसलं. पहिली बादली काकींनीच काढली. बादली बुडाली तो आवाज ऐकून सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. का, ते मी लिहीत नाही.

फेरपरीक्षा जव्हारला. लेखी झालं, दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक. मी रजा टाकून कॉलेजच्या बाहेर झाडाखाली उभा होतो. लेखी पेपर देऊन आली तेव्हा म्हणाली, प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहिलंय. मला भीती होती की बैठक क्रमांकापुढेही मीटर लिहून येईल. प्रात्यक्षिकाच्या दिवशी ती सगळ्यांत शेवटी बाहेर आली, हळू चालत.

"काय झालं?"

"लोलकच आला."

"मग?"

"तीन वेळा मोजलं. तिन्ही वेगळे आले. तसेच लिहिले. सर आले, बघितलं आणि विचारलं, हे तिन्ही वेगळे का?"

मला त्या सरांचा इतका राग आला की काय सांगू. मागच्या वेळी सारखे का, आता वेगळे का! मी विचारलं, "तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, तीन वेळा मोजले म्हणून."

"आणि?"

"हसले. म्हणाले, बस. मग विचारलं, किती चुकू शकतं? ते पण सांगितलं." ती माझ्या पिशवीतून पाण्याची बाटली काढून प्यायली, घटाघटा. "हात थंड नव्हते, बाबा."

ती पास झाली. मार्क किती पडले ते विचारू नका. वर्गात पहिली आली नाही, दुसरीही नाही. पण बारावी सायन्सच्या वर्गात तिचा बाक आहे आणि ती तिथे आपल्या पायानं गेलीय. निकाल कळला त्या दिवशी मी पाड्यावर फोन लावला. वहिनीनं फोन विहिरीवर नेला, आणि तिथून काकींचा आवाज आला, "आमच्या भिंतीवरनं पास झाली म्हनावं!" मग शाळेत सांगितलं, शेजारी सांगितलं. एसटीतला तो पेढेवाला माणूस भेटला असता तर त्यालाही सांगितलं असतं.

संध्याकाळी घरी चहा पिताना माझं बोलणं काही थांबेना. भिंत, रेघ, चौदा मीटर, सरांचा प्रश्न, सगळं मी परत पहिल्यापासून सांगितलं, जणू बायको तिथे नव्हतीच. शेवटी कप खाली ठेवून मी म्हटलं, "शेवटी मुलगी कोणाची आहे!"

बायको अंगणवाडीच्या पिशवीत तो झिजलेला टेप भरत होती. वर न बघता म्हणाली, "माझी. तुमच्यावर गेली असती तर पाण्याच्या वरच लटकत राहिली असती."